एस्तेरबाई मंडळीत बोलत नाहीत

एस्तेरबाई जगात कुठंही बोलत. टांग्यात, भाजीच्या गाडीपाशी, रेशनच्या रांगेत, लोकांच्या स्वयंपाकघरात, आणि समोर कुणीच सापडलं नाही तर न लागणाऱ्या कडीशीसुद्धा. पण चर्चच्या उंबऱ्यावर पाय पडला की त्यांचं तोंड जे मिटायचं, ते उपासना संपवून बाहेर येईपर्यंत उघडत नसे. बोलता बोलता उंबरा आला तर वाक्य तिथल्या तिथं तुटायचं. मला आठवतं, एकदा आम्ही दोघी टांग्यातून उतरून आत जात होतो आणि त्या सांगत होत्या, "मी त्या दूधवाल्या भैयाला सरळ म्हटलं, अरे बाबा, पाणी घालतोस ते घाल, पण निदान..." एवढ्यात उंबरा आला. मग गीतं झाली, शास्त्राचं वाचन झालं, उपदेश झाला, दान गोळा झालं. सगळं आटोपून आम्ही बाहेर पडलो, चपला घातल्या, आणि बाई म्हणाल्या, "...उकळलेलं तरी घाल!"

"आत बोलायचं नाही म्हणजे काय, एक शब्दही नाही?" मी त्यांना विचारलं होतं.

"बायकांनी मंडळीत गप्प बसायचं. पौलानं सांगितलंय. पौल काय वेडा होता?"

मी साताऱ्याहून नवी नवी आलेली. पौल म्हणजे नगरकडचे यांचे कुणी कडक थोरले बंधू असावेत, असं मला बरेच दिवस वाटत होतं. बाईंचं बोलणंच तसं होतं. पौल अमुक खपवून घेत नाही, पौलाला तमुक पसंत नाही. पुढं कळलं, की हे गृहस्थ येशूच्या मागून थोड्याच वर्षांनी होऊन गेले आणि गावोगावच्या मंडळ्यांना पत्रं लिहून शिस्त लावत फिरले. मंडळी म्हणजे उपासनेला जमणारी माणसं. त्यांच्यात बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा आणि तोंड बंद ठेवावं, ही त्या शिस्तीतलीच दोन कलमं.

आम्ही जयपूरला आलो तेव्हा पन्नाशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमचे हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. बनी पार्कमध्ये एका ठाकुरांच्या बंगल्यामागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आम्ही दोघं आणि सासूबाई. मागचा व्हरांडा सामाईक होता आणि त्याच्या टोकाच्या खोलीत एस्तेरबाई. उंच, हाडापेरानं थोराड, पांढऱ्या साडीतल्या. नगरहून येऊन जयपूरच्याच मिशनच्या दवाखान्यात उभा जन्म सुईणपण करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पोलक्यावर नर्सचं घड्याळ उलटं टाचलेलं असायचं आणि त्याच्या साखळीला सेफ्टी पिनांचा घोस लटकत असायचा. लग्न राहून गेलेलं. "वेळच कुठं झाला? दुसऱ्यांचीच पोरं ओढत होते," असं त्या हसत हसत सांगायच्या.

माझ्यावर त्यांची नजर पडली ती माझ्या पेटीमुळं. माहेराहून आणलेली हार्मोनियम मी सकाळी वाजवत बसायची. एके दिवशी बाई दारात उभ्या.

"भूपाळी येते तुला. मग आमची भजनंही येतील. चाल तीच असते, शब्द तेवढे आमचे."

जयपुरातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. कुणी रेल्वेत, कुणी लष्करात. एरवी ती हिंदी उपासनेलाच जायची, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी हिंदी आटोपली की त्याच चर्चमध्ये मराठी उपासना व्हायची. त्यांचा पेटी वाजवणारा जवान बदलून गेला होता आणि गाणं उघडं पडलं होतं.

"पण मी हिंदू," मी म्हटलं. "शिवाय बाई. तुमच्या पौलांना चालेल का?"

"पौलानं बोलू नको म्हटलंय. वाजवू नको कुठं म्हटलंय? आणि तू आमच्यातली नाहीस, म्हणजे तुला पौल लागूच नाही."

कायदा त्यांना असा तोंडपाठ. गाण्याचंही त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. गाणं म्हणजे बोलणं नव्हे, कोकिळा काय बोलते का? मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "देवाचंच आहे ना? मग वाजव. तिथलं काही खाऊ मात्र नकोस." दोन्हीकडची परवानगी अशी हातात पडली आणि मी एस्तेरबाईंची 'पेटीवाली' झाले. पहिल्याच रविवारी मी पेटीला हात घालते न घालते तोच मागून कुणीतरी माझा पदर डोक्यावर ओढला आणि केसांत खसकन पिन खोचली. पौल लागू नसला तरी पदर लागू होता, एवढं त्या दिवशी समजलं.

उपासना थोरात साहेब चालवायचे. रेल्वेत गार्ड होते आणि माणूस भला. पण "चालवायचे" हे बोलण्यापुरतं. डाव्या बाजूला, बायकांच्या पहिल्या बाकावर एस्तेरबाई गप्प बसलेल्या असत आणि सगळी गाडी तिथून हलत असे. थोरात साहेबांनी शास्त्रातलं एखादं नाव चुकून दुसऱ्याला लावलं, की बाईंची मान नकारार्थी हलायची. साहेब अडखळायचे, दुसरं नाव घ्यायचे, मान अजून हलतेच आहे म्हणून तिसरं घ्यायचे. मान थांबली की पुढं सरकायचे. उपदेश लांबला तर बाई पोलक्यावरचं घड्याळ हातात घेऊन त्याला किल्ली द्यायला लागत. त्या शांततेत ती कर्र कर्र शेवटच्या बाकापर्यंत पोचायची आणि थोरात साहेब घाईघाईनं "तर शेवटी बंधुभगिनींनो" वर यायचे. मला तर ते घड्याळ सदान्‌कदा पूर्ण किल्ली दिलेलंच वाटे.

ह्या मौनाची खरी कसोटी लागली ती माकडाच्या दिवशी. जयपुरात माकडांना कुठं मज्जाव नाही. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. म्हणजे पुढच्या टेबलावर पांढऱ्या रुमालाखाली भाकर झाकून ठेवलेली असते, प्रार्थना होते आणि मग ती सगळ्यांना तुकडा तुकडा वाटतात. थोरात साहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना मालगाडीसारखी, डबे संपायचे नाहीत. सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे दोघींचेच. माझे, कारण मी परकी. आणि बाईंचे, कारण त्या पदरांवर नजर ठेवत होत्या. एवढ्यात खिडकीतून एक भलं मोठं माकड आत उतरलं आणि टेबलावर जाऊन बसलं.

एरवीची बाई किंचाळली असती. एस्तेरबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडं पाहून हातवारे सुरू केले. टेबलाकडं बोट, मग दोन्ही हातांची बोटं जोरजोरात नाचवली, मग "हाकल, हाकल" असा पंजा. पेटी माझ्यापुढं, बोटं नाचताहेत. मला वाटलं, म्हणताहेत वाजव. मी भाता ओढला आणि भजन धरलं. मंडळीला वाटलं प्रार्थना संपली. डोळे न उघडताच सगळे गायला लागले, थोरात साहेब तसेच प्रार्थना करत राहिले, आणि माकडानं रुमालाची घडी बाजूला करून भाकर उचलली व पहिल्या कडव्याअखेर खिडकीतून निघून गेलं.

उंबऱ्याबाहेर आल्यावर बाई माझ्यावर जी बरसल्या! "अगं, माकड हाकल म्हणत होते मी! तू चाल धरलीस! त्याला काय, गात गात जेवायचं होतं?"

थोरात साहेब हिरमुसून म्हणाले, "पण बाई, एक शब्द बोलला असता तर? तोंड होतं ना तुम्हाला?"

"तोंड होतं. परवानगी नव्हती."

हे सांगताना आजही मला हसू येतं. आम्ही किती हसायचो त्या व्हरांड्यात! हिवाळ्यात उन्हाला पाठ देऊन सासूबाई आणि त्या वाटाणे सोलत बसायच्या. सासूबाई संकष्टीचा हिशेब सांगायच्या, बाई पौलाचा, आणि दोघींचं एका गोष्टीवर पक्कं एकमत असायचं, की हल्लीच्या मुलींना वळण नाही.

हल्लीची मुलगी म्हणजे मुख्यतः रूथ. पलीकडच्या गल्लीत राहायची. नवरा लूक लष्करात ड्रायव्हर. पोर गोड होती, आवाजही गोड. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला दिवस राहिले तेव्हा तिच्या मनानं घेतलं, की मंडळीत उभं राहून आपण मोठ्यानं प्रार्थना करायची आणि देवाचे आभार मानायचे. तसं तिनं बाईंना विचारलंही.

"मनातल्या मनात मान," बाई म्हणाल्या. "देव बहिरा नाही."

"पण बाई, पुरुष तर मोठ्यानं करतात."

"त्यांना पौलानं गप्प बस म्हटलेलं नाही. तुला म्हटलंय. पौल काय वेडा होता?"

रूथ रडवेली झाली. मला बाईंचा राग आला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाई नुसत्या म्हणाल्या, "एकदा एका बाईला सूट दिली की झालं. नियम पाळायचा तर सगळ्यांनी पाळायचा, नाहीतर इतके दिवस पाळला त्याला अर्थ काय?" त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण रागाच्या भरात मी ते मनावर घेतलं नाही. तोंडानं नाही म्हटलं तरी रूथचे पाय चेपायला त्या रोज जात होत्या. मुलगा झाला तर शमुवेल ठेवणार, हे रूथनं त्यांना हजारदा सांगितलेलं होतं.

जूनमधली शनिवारची दुपार. लू, म्हणजे तिथला झळांचा वारा, थांबली आणि आभाळ पिवळं झालं, म्हणजे आता आंधी येणार, धुळीचं वादळ. मी व्हरांड्यातलं वाळवण गोळा करत होते, तेवढ्यात रूथची शेजारीण धावत आली. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. लूक कामगिरीवर नसीराबादला. आम्ही दोघी पदरानं नाकतोंड बांधून गल्ली ओलांडून पोचलो आणि मागून आंधीनं दारं धडाधड आपटायला सुरुवात केली. त्या वाळूत टांगा मिळणं शक्यच नव्हतं. दवाखाना लांब राहिला. जे काही व्हायचं ते त्या खोलीत झालं.

मुलगा झाला. इतका लहान, की बाईंच्या एका हातावर मावला. रूथला ग्लानी आली होती. बाई त्याला कापसात गुंडाळत होत्या, छाती चोळत होत्या, तोंडात फुंकर घालत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वाटीत पाणी आण. कोमट." मी आणून दिलं. "आता बाहेर थांब. दार लोटून घे." मी बाहेर धुळीत उभी राहिले. थोड्या वेळानं दार उघडलं आणि बाईंचा चेहरा पाहून मला विचारावं लागलं नाही.

दुसरा दिवस नेमका महिन्याचा शेवटचा रविवार. उन्हाळा असा, की पुरायला उशीर करून चालणार नव्हतं. लूक पहाटे येऊन पोचला होता. सकाळी मी रूथकडं गेले तर तिनं माझा हात धरला तो सोडेचना.

"ताई, तुम्ही तिथं असणार ना? त्यांना सांगा, नावानं पुरा म्हणावं. शमुवेल म्हणून हाक मारून पुरा. तसाच नका टाकू त्याला."

मला तेव्हा हे कळलं नाही. चर्चमध्ये गेल्यावर कळलं. त्या चर्चची तेव्हा अशी रीत होती, की बाप्तिस्मा झालेल्या मुलाचंच मंडळी विधीनं दफन करायची. नाव घेऊन, प्रार्थना म्हणून. बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर पाणी घालून मुलाला देवाच्या नावानं मंडळीत घेणं. तो पाद्रीनं द्यायचा. ज्याचा तो राहिला, त्याला दफनभूमीच्या कडेला, भिंतीलगत, बिनबोलता ठेवून यायचं. नाव नाही, गीत नाही.

हिंदी उपासना आटोपली होती. पाद्रीसाहेब थांबले होते. स्वभावानं मऊ माणूस, पण नियमाला धरून चालणारे. पहिल्या बाकाशी लूक मान खाली घालून उभा, शेजारी थोरात साहेब. बायका डावीकडं. मी पेटीशी. चिमुकली शवपेटी पुढं टेबलाखाली ठेवलेली होती, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

पाद्रीसाहेबांनी हळूच विचारलं, "बच्चे का बपतिस्मा हुआ था?"

लूकनं थोरात साहेबांकडं पाहिलं. थोरात साहेबांनीच उत्तर दिलं, "नहीं साहब. टाइमही कहाँ मिला?"

"तो फिर..." पाद्रीसाहेब थांबले. "तो फिर दीवार की तरफ़."

लूकनं मान तुकवली. मला रूथचा हात आठवला. मी बोलणार होते, मला पौल लागू नव्हता, पण सांगणार काय? नाव द्या म्हणून आईनं सांगितलंय, एवढंच मला ठाऊक. एवढ्यात कर्र कर्र ऐकू आलं. बाई घड्याळाला किल्ली देत होत्या. उपदेश चालू नव्हता, कुणाला थांबवायचं नव्हतं, तरी देत होत्या. मग त्या उठल्या आणि दाराकडं निघाल्या. मी ओळखलं, ह्यांना काहीतरी बोलायचंय आणि त्यासाठी त्या उंबऱ्याबाहेर चालल्यात, नेहमीसारख्या. दारापर्यंत गेल्या. बाहेर रखरखीत ऊन, चपलांचा ढीग आणि एक टांगेवाला. तिथं बोलून ऐकणार कोण? बाई उंबऱ्याशी थांबल्या. भिंतीला हात टेकून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"झालाय बाप्तिस्मा," त्या म्हणाल्या.

त्या चर्चमध्ये बाईंचा बोलण्याचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. थोरात साहेब असे दचकले, की त्यांच्या हातातलं भजनांचं पुस्तक पडलं.

"किसने दिया?" पाद्रीसाहेब म्हणाले.

"मैंने."

"बाई, तुम्ही?" थोरात साहेबांना राहवेना. "अहो, पण बायकांनी तर..."

"मला नका शिकवू, थोरात. ते तुम्हाला मीच शिकवलंय." मग त्या पाद्रीसाहेबांकडं वळल्या आणि नगरी हेल काढत त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "बच्चा जिंदा था साहब. साँस ले रहा था. मैंने तीन बार पानी लगाया. बाप का नाम लिया, पुत्र का लिया, पवित्र आत्मा का लिया. नाम रखा शमुवेल. हाथ मेरे औरत के थे, पर पानी तो पानी था."

ती कोमट पाण्याची वाटी माझ्या डोळ्यापुढं आली. मी पदराआड रडायला लागले. लूकही रडत होता.

पाद्रीसाहेब टेबलापाशी गेले. मग त्यांनी वाकून शवपेटी स्वतः उचलली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "शमुवेल को मंडली विदा करेगी." आणि जाता जाता, अगदी सांत्वन केल्यासारखं, बाईंना म्हणाले, "बाई, संकट की घड़ी में पाद्री न हो तो कोई भी विश्वासी दे सकता है. मर्द हो या औरत. यह तो हमारे यहाँ पहले से चला आया है. आप डरीं क्यों? कभी पूछ लेतीं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मी बाईंकडं पाहिलं, म्हटलं आता ह्यांचाही उजळेल. तर बाईंच्या तोंडावरचा रंग उतरला होता.  त्या दिवशी मी भजन वाजवलं, मंडळी दफनभूमीकडं गेली, शमुवेलला नावानं हाक मारून मातीत ठेवलं. मी परतताना रूथला ते सांगून आले. बाई मात्र पूर्ण वेळ कुठंतरी दुसरीकडंच होत्या.

संध्याकाळी सासूबाईंनी मुगाची खिचडी करून माझ्या हाती दिली. "त्या बयेनं सकाळपासून काही खाल्लं नसेल. बस तिच्यापाशी." मी गेले तर बाई खाटेवर बसलेल्या आणि खोलीत आवाज नाही. त्यांच्या घरात आवाज नाही, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. मी ताट ठेवलं. "बाई, असं काय? चांगलं झालं ना सगळं?"

"तो पहिला नव्हता गं," त्या म्हणाल्या.

मला आधी अर्थच लागला नाही. मग त्या सांगत गेल्या. दवाखान्यात रात्री-अपरात्री अर्धीकच्ची मुलं जन्मायची. ख्रिस्ती घरांतली. बाप कुठं परगावी, पाद्री दुसऱ्या दिवशी यायचे. मूल हातात निळं पडत चाललेलं असायचं. बाई पाणी घ्यायच्या, कानात नाव सांगायच्या, देवाचं नाव घ्यायच्या. आणि दुसऱ्या दिवशी पाद्री विचारायचे, बाप्तिस्मा झाला होता का? तेव्हा बाई गप्प बसायच्या. बाईमाणसानं दिलेला बाप्तिस्मा, तो मंडळीपुढं सांगायचा कसा? चालत नसेल तर आईबापांना आणखी एक दुःख. आणि बोलायचं तर नव्हतंच.

"सगळी भिंतीकडं गेली, पेटीवाले. नाव असून बिननावाची गेली. चालत होतं म्हणे. पहिल्यापासून चालत होतं."

"पण तुम्ही कधी विचारलं का नाहीत कुणाला?"

 "पौल म्हणतो, बाईला काही विचारायचं असलं तर मंडळीत नको, घरी नवऱ्याला विचारावं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला नवरा कुठं होता गं?"

 मी त्यांच्याजवळ सरकले आणि त्यांना धरून बसले. इतकी उंच, हाडाची बाई, पण धरल्यावर किती लहान लागली! इतकी वर्षं पिना टोचत, माना हलवत, दुसऱ्या बायकांची तोंडं मिटवत ही बाई स्वतःलाच समजावत होती, की आपण गप्प बसलो ते बरोबर केलं. मला तिच्याबद्दल माया दाटून आली. माझ्या आईबद्दल वाटावी तशी. खिचडी थंड झाली, ती मी त्यांना तशीच भरवली.

पावसाळा सरल्यावरच्या एका रविवारी रूथ मंडळीत उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं प्रार्थना केली. थोरात साहेबांचा एक डोळा बाईंच्या मानेवर होता. मान हलली नाही. प्रार्थना चांगली लांबली, बाई हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. स्वतः मात्र त्या मंडळीत पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी छेडलं तर म्हणाल्या, "माझं बोलून झालं."

साठचं दशक सुरू होताना ह्यांची बदली नागपूरला झाली. सामान बांधून झालं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच बाई आल्या आणि म्हणाल्या, "चल जरा माझ्याबरोबर." कुठं ते सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा, आवराआवर मी बघते."

आम्ही दफनभूमीत गेलो. शमुवेलच्या कबरीवर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. बाई तिथं क्षणभर थांबल्या आणि पुढं निघाल्या, पार कडेपर्यंत. तिथं भिंतीलगत बाभळी वाढलेल्या, खाली गवत, वाळू, मधूनमधून नुसते उंचवटे. दगड नाहीत, क्रूस नाहीत. परक्याला तिथं काही आहे असं वाटलंही नसतं.

बाई एका उंचवट्याशी उभ्या राहिल्या. "हा योसेफ," म्हणाल्या. मोठ्यानं, खणखणीत आवाजात. जेवायला या म्हणून पोरांना अंगणातून हाक मारतात ना, तशा. पुढं सरकल्या. "ही मरीया. ही फार गोरी होती. हा दानियेल, ह्यानं माझं बोट धरलं होतं. हे जुळे, याकोब आणि एसाव, शास्त्रातल्या जुळ्यांचीच नावं, मला बाई तेव्हा दुसरी सुचेनात. ही सारा." त्या दर रविवारी येत असाव्यात, कारण पाय आपोआप त्या त्या जागी थांबत होते. मी मागून चालत होते. ऊन चढत होतं आणि त्या एकेकाला हाक मारत चालल्या होत्या.

भिंतीच्या वळणाशी एका अगदी लहान उंचवट्यापाशी त्या थांबल्या. ओठ हलले, पण नाव आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं वळल्या. डोळे घाबरलेले.

"हिचं काय ठेवलं होतं गं मी?"

जणू त्या वेळी मी तिथं होते. मी सांगणार तरी काय? माझा ना तो धर्म, ना तो दवाखाना मी पाहिलेला. पण त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि ते मूल वाट बघत होतं.

"कमल," मी म्हटलं. कुठून तोंडात आलं कोण जाणे.

बाईंनी त्या उंचवट्याकडं पाहिलं. सावकाश मान डोलावली.

"कमल," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि आम्ही पुढच्या बाळाकडं गेलो.